व्यंगचित्रातला कुत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि अधूनमधून स्थानिक दैनिकांत व्यंगचित्रंही काढली. त्यामुळे एखाद्या सकाळी पेपरात कुत्रा दिसला की माझा फोन वाजायला लागतो. "सर, हा कोण?", "सर, हे चालतं का?" जुने विद्यार्थी विचारतात, वाचनालयातले मित्र विचारतात, कधी एखादी आई मुलाच्या प्रकल्पासाठी विचारते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. एका उत्तरातलं दुसऱ्यात सांगत बसलेलो नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संपादकीय व्यंगचित्र म्हणजे नेमकं काय? कुत्रा तर दिवाळी अंकातल्या हास्यचित्रातही असतो.

असतो, पण तिथे तो पोस्टमनचं धोतर ओढत असतो. आपण हसतो आणि पान उलटतो. संपादकीय व्यंगचित्राला मत असतं. शेजारच्या अग्रलेखात जे आठशे शब्दांत असतं, त्यावरचं एक मत चित्रकार चौकटीत मांडतो, आणि कधी कधी ते अग्रलेखाच्या विरुद्धही असतं. अर्कचित्र ही आणखी वेगळी गोष्ट. त्यात माणसाचा चेहरा ताणून, फुगवून त्याच्या स्वभावाचा अर्क काढलेला असतो. एखाद्या पुढाऱ्याचं अर्कचित्र कुत्र्याच्या धडावर बसवलं की तिन्ही गोष्टी एका चित्रात येतात आणि माझा फोन वाजतो.

२. चित्रात कुत्रा दिसला की अर्थ काय घ्यायचा? इमानी की लाचार?

कुत्र्याकडे नंतर बघा, आधी पट्टा शोधा. पट्टा आहे का, असला तर साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे? चित्राचं मत बहुधा त्या हातात असतं.

जुनं उदाहरण देतो. जॉन टेनियल या इंग्रज चित्रकाराचं 'पंच' साप्ताहिकात जून १८७६ मध्ये आलेलं चित्र. सर्बिया, माँटेनेग्रो, बोस्निया, हर्झगोव्हिना असे चार कुत्रे तुर्कस्तानवर झेपावायला निघालेत आणि त्यांच्या साखळ्या रशियाच्या हातात आहेत. कुंपणापलीकडून इंग्लंड दम देतंय, पण कुत्र्यांना नाही, धरणाऱ्याला: सोडलेस तर बघ. भुंकणारे चार असले तरी चित्र पाचव्यावर आहे.

पट्टा असून साखळी जमिनीवर पडलेली असेल तर मालकाने हात झटकले आहेत. साखळी तुटलेली असेल तर बंड. म्युनिकचं 'सिंप्लिसिसिमस' हे उपहासाचं साप्ताहिक १८९६ मध्ये निघालं. थॉमस थिओडोर हायने याने त्याला जे चिन्ह दिलं ते साखळी तोडलेल्या लाल बुलडॉगचं होतं. आणि ज्याच्या गळ्यात पट्टाच नाही, तो आपला गल्लीतला गावठी कुत्रा? तो बहुतेक वेळा कोपऱ्यात बसून मोठ्या माणसांचा तमाशा बघत असतो. मला स्वतःला हाच कुत्रा सगळ्यात आवडतो. तो कुणावर भुंकतही नाही, पण तो तिथे आहे म्हणून समोरचं हास्यास्पद दिसतं.

३. मग पट्ट्याचा रंग, त्यावरचं नाव हेसुद्धा बघायचं?

बघायचं, पण बेतानं. पूर्वीचे चित्रकार प्रत्येक वस्तूवर नाव लिहायचे: कुत्र्यावर 'नोकरशाही', हाडकावर 'टेंडर', भांड्यावर 'निधी'. आता ही चाल कमी झाली आहे आणि बरंच झालं. नाव लिहावं लागलं तर चित्र कुठेतरी कमी पडलेलं असतं.

रंगाबाबत एक फजिती सांगतो. एका दैनिकासाठी मी गोदेच्या पायरीवर बसलेला कुत्रा काढला होता. पट्टा मुद्दाम राखाडी ठेवला, म्हणजे कुणाचाच नाही. छापताना रंग सरकला आणि तो एका पक्षाच्या झेंड्याच्या रंगाचा होऊन आला. दुपारपर्यंत दोन फोन आले. त्या पक्षाचा माणूस म्हणाला, आम्हाला कुत्रा म्हटलं. विरोधी पक्षाचा म्हणाला, तुम्ही त्यांना इमानी म्हटलं.

४. मराठी चित्रकार कुठल्या म्हणी वापरतात? परक्या माणसाला त्या कळतील का?

कळणार नाहीत, आणि तिथेच त्यांची मजा आहे. सगळ्यात जास्त वापरली गेलेली म्हण 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं'. चित्र जवळजवळ तयारच मिळतं: जातं, डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, मागे पिठात तोंड घातलेला गलेलठ्ठ कुत्रा. करदाता दळतो आणि ठेकेदार खातो, बँक दळते आणि कर्जबुडवा खातो, पात्रं काय वाटेल ती बदलता येतात. इतकी सोपी म्हण असल्यामुळे ती आता झिजली आहे. नव्या चित्रकारांना मी सांगतो, ही वापरायचीच असेल तर कुत्र्याला नका बघू, दळणारीला बघा. तिच्या डोळ्यांवर पट्टी कुणी बांधली?

'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं' ही चौकशी समित्यांसाठी. 'आपल्या गल्लीत कुत्राही शेर' ही प्रभागातल्या राजकारणासाठी, तिच्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

माझी लाडकी गोष्ट गाड्याखालच्या कुत्र्याची. बैलगाडी चालली आहे, ऊन नको म्हणून कुत्रं खालून सावलीत चाललं आहे आणि त्याला वाटतंय, गाडा मीच ओढतोय. उद्घाटनांच्या मोसमात हे चित्र कधीच शिळं होत नाही. गंमत अशी की यात कुत्र्याचा अपमानही फारसा नाही. तो नुसता भ्रमात आहे, आणि बैल काही बोलत नाहीत.

५. बुलडॉग म्हणजे इंग्लंड हे कुणी ठरवलं?

कुणी एकाने नाही. जॉन बुल हा पोट सुटलेला इंग्रज गृहस्थ व्यंगचित्रांत देशाचं प्रतीक होता आणि त्याच्या पायाशी बुलडॉग येऊन बसला. पुढे मालक मागे पडला आणि कुत्राच देश झाला. १९४० मध्ये 'डेली एक्सप्रेस'मध्ये सिडनी स्ट्रूब याने चर्चिल यांनाच बुलडॉगच्या रूपात काढलं. फ्रान्स पडत होता, इंग्लंड एकटं उरलं होतं, आणि त्या चपट्या चेहऱ्याला तो कुत्रा असा काही बसला की नंतर चर्चिलना वेगळं काढणं अवघड झालं. माणसाला कुत्रा काढूनही तो गौरव ठरतो, याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण. (उलट उदाहरण प्रश्न ६ मध्ये.)

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, लंडनमध्ये युरोपचा एक नकाशा छापला गेला. त्यात देशांच्या जागी कुत्रे आहेत: जर्मनी डॅशहाउंड, ऑस्ट्रिया मिश्र जातीचं, फ्रान्स पूडल, ब्रिटन अर्थातच बुलडॉग. हा व्यंगचित्रकारांचा एक हिशोब होता. स्वतःला तगडी जात द्यायची, मित्राला ऐटबाज आणि शत्रूला बुटकी. आखूड पायांच्या बिचाऱ्या डॅशहाउंडने युद्धात कुणाचं काय बिघडवलं होतं?

६. पूडल ही शिवी कशी झाली? दिसायला तर गोंडस असतो.

गोंडस आहे म्हणूनच. केस कातरलेला, मालकाच्या मांडीवर बसणारा. १९०७ मध्ये लिबरल मंत्री लॉइड जॉर्ज यांनी ब्रिटिश वरिष्ठ सभागृहाला विरोधी पक्षनेते बाल्फोर यांचा पूडल म्हटलं. हे सभागृह राज्यघटनेचं राखणदार म्हणवतं, प्रत्यक्षात बाल्फोर सांगतील त्याला चावतं, असा त्याचा रोख होता. शंभरेक वर्षांनी इराक युद्धाच्या वेळी टोनी ब्लेअर यांना 'बुशचा पूडल' म्हटलं गेलं आणि व्यंगचित्रांत ते मांडीवर जाऊन बसले.

बुलडॉगच्या देशाचा पंतप्रधान पूडल झाला, हा खरा फटका. प्रश्न ५ वाचल्याशिवाय तो कळत नाही. मराठी चित्रकाराने पूडल काढला तर मात्र आपल्या वाचकाला तो नुसताच श्रीमंत घरचा कुत्रा वाटतो. इथे तेच म्हणायचं तर गावठी कुत्रा काढा आणि समोर भाकरतुकडा टाकणारा हात.

७. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा सारखा दिसतो. तो कुठून आला?

जुन्या घरांतल्या तबकड्यांवरून. त्याचं नाव निपर. फ्रान्सिस बरॉ या इंग्रज चित्रकाराने १८९८ च्या सुमारास त्याचं चित्र काढलं, तेव्हा निपर मरून काही वर्षं झाली होती. मूळ चित्रात दुसऱ्या बनावटीचं यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं तेव्हा त्यावर ग्रामोफोन रंगवून द्यावा लागला. एचएमव्ही या नावाचा अर्थच 'मालकाचा आवाज', त्यामुळे व्यंगचित्रकारांना अर्धं चित्र आयतं मिळालं. कर्ण्यातून हायकमांड बोलतंय आणि खाली मान तिरकी करून कुणीतरी ऐकतंय. हे रूपक अजून चालतं, पण किती दिवस, कोण जाणे. माझ्या शेवटच्या काही तुकड्यांतल्या मुलांना कर्णा फक्त वरातीतला माहीत होता.

८. व्यंगचित्रांच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध कुत्रा कोणता?

माझं मत विचाराल तर टोबी. 'पंच' १८४१ मध्ये लंडनमध्ये निघालं. पंच आणि ज्युडी या कठपुतळ्यांच्या खेळात टोबी नावाचा कुत्रा असतो, तो पंचमहाराजांबरोबर साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर येऊन बसला. रिचर्ड डॉयलने १८४९ मध्ये काढलेलं मुखपृष्ठ १९५६ पर्यंत चाललं. शंभरावर वर्षं एकच कुत्रा! पुढे 'पंच'मध्ये संसदेचा वृत्तांत 'टोबी, खासदार' याच नावाने येऊ लागला. आपल्याकडे 'पंच'ची नक्कल खूप झाली. लखनौचं 'अवध पंच' १८७७ चं, मुंबईचं 'हिंदी पंच' त्यानंतरचं.

९. पुढाऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या कुत्र्यांवर चित्रं निघतात का?

अमेरिकेत फार. २३ सप्टेंबर १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका भाषणात आपल्या फाला नावाच्या स्कॉटिश टेरियरची बाजू मांडली. बेटावर राहिलेल्या कुत्र्याला आणायला सरकारी युद्धनौका पाठवली, असा विरोधकांचा आरोप होता. रूझवेल्ट म्हणाले, माझ्यावरच्या टीकेचं मला काही वाटत नाही, फालाला मात्र वाटतं. सभा हसली आणि आरोप संपला. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, १९५२ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन दूरचित्रवाणीवर आले. देणग्यांच्या आरोपावर खुलासा देता देता म्हणाले, एक भेट मात्र आम्ही परत करणार नाही, मुलींना मिळालेलं चेकर्स नावाचं कॉकर स्पॅनियल. दोघांनीही कुत्रा ढालीसारखा पुढे केला आणि चित्रकारांच्या हाती आयता विषय दिला. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपल्या बीगलला कान धरून उचललं, तो फोटो तर त्यांना भोवलाच.

आपल्या पुढाऱ्यांचे कुत्रे त्यामानाने अज्ञातवासात असतात. इथे बैलजोडी आणि गाईसोबतचे फोटो चालतात.

१०. कुत्रा खंडोबाचा, कुत्रे दत्ताच्या पायाशी. मग व्यंगचित्रात तो शिवी कसा?

हा प्रश्न मला ओझरच्या चंपाषष्ठीच्या यात्रेत एका वाघ्याने विचारला होता. वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवतो, कोटंब्यातली भाकरी भुंकत खातो, आणि त्यात त्याला मान वाटतो. दत्ताजवळचे चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकतो. युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसला, आणि तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले.

आणि हाच समाज 'कुत्रा हाल खाणार नाही' म्हणतो. मराठीत कुत्रा एकाच वेळी देव्हाऱ्यात आणि उकिरड्यावर आहे. चांगला चित्रकार या दोन्ही गोष्टी एका चित्रात वापरतो. नामदेवांची वाटी घ्या: कुत्रा पोळी घेऊन पळतोय, आणि मागून तुपाची वाटी घेऊन धावणारा साहेब ओरडतोय, "कोरडी खाऊ नका हो!" इथे कुत्रा म्हणजे कोण ते सांगायला नको. संतांची थट्टाही होत नाही, कारण थट्टा साहेबाची आहे.

एक मात्र सांभाळा. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्यासारखा विषय निव्वळ विनोदाचा नाही. २०१२ मध्ये तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली. तिथे चित्र काढायचं तर वादावर काढावं, श्रद्धेवर नको.

११. पुढाऱ्याला कुत्रा म्हणून काढणं गुन्हा आहे का?

मी वकील नाही, पण वेळ आली तेव्हा विचारून घेतलं आहे. प्राण्याच्या रूपात काढणं हा आपोआप गुन्हा होत नाही. बदनामीचं कलम आहे: भारतीय न्याय संहितेचं ३५६ (पूर्वी दंडसंहितेची ४९९ आणि ५००). सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक वागणुकीबद्दल सद्हेतूने मत मांडलं तर त्या कलमाला अपवाद आहे. म्हणजे निधी खाणारा कुत्रा काढला तर तो त्याच्या कारभारावरचा शेरा होतो. घरातल्या माणसांना कुत्रा काढलं तर तो आधार राहत नाही. धर्मभावना जाणूनबुजून दुखावण्याचं २९९ आणि गटागटांत तेढ वाढवण्याचं १९६ ही कलमं वेगळी. ती पुढाऱ्यापेक्षा जास्त जपून घ्यावीत.

गुन्हा होत नाही म्हणजे चित्र चांगलं आहे, असं नव्हे. नुसतं माणसाच्या तोंडाखाली कुत्र्याचं धड जोडणं ही शिवी झाली, आणि ती चौकातही देता येते.

१२. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना कुत्र्यांच्या चित्रासाठी अटक झाली होती ना?

नाही, ते लांडगे होते. राजमुद्रेतल्या सिंहांच्या जागी त्यांनी लांडगे काढले होते. हा घोळ इतक्या जणांचा होतो, की प्रश्न वेगळा ठेवावा लागला. सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि देशभर ओरड झाल्यावर सरकारने तो आरोप मागे घेतला. चित्रकारांसाठी धडा तांत्रिक आहे: राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे प्राणी कुठला हा प्रश्न दुय्यम ठरतो.

१३. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका कुत्र्यामुळे व्यंगचित्रं बंद केली हे खरं का?

बऱ्याच अंशी. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत पोर्तुगीज चित्रकार अंतोनियो यांचं चित्र आलं. आंधळे ट्रम्प, डोक्यावर ज्यूंची टोपी, आणि त्यांना वाट दाखवणारा डॅशहाउंड म्हणजे इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, गळ्यात डेव्हिडच्या ताऱ्याचा पट्टा. ज्यूद्वेषी म्हणून टीका झाली, वृत्तपत्राने माफी मागितली आणि १ जुलै २०१९ पासून त्या आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं थांबवली.

माझं मत दोन्हीकडे जातं. देशाच्या नेत्यावर टीका करताना पट्ट्याला साऱ्या समाजाचं धर्मचिन्ह लावलं, तिथे चित्र घसरलं. ज्यूंना प्राणी म्हणून काढण्याचा युरोपातला इतिहास भयानक आहे, आणि चित्रकाराला तो माहीत असायला हवा. पण एक चित्र चुकलं म्हणून चौकटच काढून टाकणं, हे विहिरीत मांजर पडलं म्हणून विहीर बुजवण्यासारखं झालं.

१४. हल्ली भटक्या कुत्र्यांवर इतकी चित्रं येतात. तीही प्रतीकंच का?

नाही. इथे कुत्रा म्हणजे कुत्राच. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून मूळ जागी सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हटवण्याचा आदेश आला. तीन महिन्यांत तीन आदेश, चित्रकारांना पर्वणीच.

नाशिककरांसाठी यात आणखी एक पात्र आहे, बिबट्या. उसातून तो वस्तीत येतो त्याचं एक कारण गल्लीतला कुत्रा. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून इथल्या चित्रात कुत्रा आणि बिबट्या समोरासमोर आले तर ते आधी आपल्या शहराचं वास्तव आहे, पक्षांचं रूपक नंतर. या चित्रांत मला एक गोष्ट खटकते: चावा बसलेलं मूल आणि कुत्र्याला बिस्किट घालणाऱ्या आजी, दोघांपैकी एकाला नेहमी मूर्ख काढलेलं असतं. कचऱ्याचा ढीग मात्र कुणीच काढत नाही, आणि कुत्रे तिथेच जेवतात.

१५. आर. के. लक्ष्मण यांचा आवडता प्राणी कुत्रा होता का?

कावळा. कावळ्यांची त्यांनी असंख्य चित्रं काढली.

१६. 'इंटरनेटवर तुम्ही कुत्रा आहात हे कुणाला कळत नाही' आणि जळत्या खोलीत कॉफी पिणारा कुत्रा, ही संपादकीय चित्रं आहेत का?

मूळची नाहीत. पहिलं पीटर स्टायनर यांचं, 'न्यूयॉर्कर'मध्ये ५ जुलै १९९३ ला आलेलं हास्यचित्र. दुसरं के. सी. ग्रीन यांच्या २०१३ च्या वेबकॉमिकमधलं. दोन्ही कुणा पुढाऱ्यावर नव्हती. नंतर लोकांनी ती राजकारणाला चिकटवली. दुसऱ्यातल्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी नाही, त्याला खोलीत कुणी बांधलेलं नाही. तो आपणहून बसला आहे, म्हणून ते लागतं. (प्रश्न २ पुन्हा बघा.)

१७. मुलाच्या प्रकल्पात किंवा शाळेच्या फलकावर पेपरातलं चित्र लावलं तर चालेल का?

वर्गातल्या अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. चित्रकाराचं नाव आणि तारीख लिहा, सही कापू नका. स्मरणिकेत छापायचं किंवा टी-शर्टवर घ्यायचं असेल तर परवानगी लागते. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांच्या वृत्तपत्रीय प्रसिद्धीचा हक्क सहसा मालकाकडे असतो, तेव्हा दोघांनाही विचारा. जुनी चित्रं बघायची असतील तर आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. तिथे जाऊन जुन्या अंकांच्या बांधीव फायली मागा आणि सोबत मुलाला न्या. मोबाइलवर शोधलेलं चित्र एकटं येतं, फायलीत त्याच्या शेजारची बातमीही वाचायला मिळते.

१८. मी काढलेला कुत्रा बकरीसारखा दिसतो. काय चुकतं?

मागचा पाय. कुत्र्याच्या मागच्या पायाला जो सांधा मागे वळलेला दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. तेवढं कळलं की निम्मा कुत्रा जमतो. मग गावठी कुत्र्याची लक्षणं: आत ओढलेलं पोट, वर वळलेली शेपटी, अर्धवट उभे कान. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, प्रश्न १४ मधल्या विषयावर काढत असाल तर ती विसरू नका. भाव तोंडात शोधू नका, शेपटी आणि कानांत असतात.

सकाळी सातला गोदाघाटावर जा. दुतोंड्या मारुतीच्या आसपास पुरेसे नमुने झोपलेले असतात, आणि झोपलेला कुत्रा हलत नाही. पुराच्या दिवसांत पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की नाही हे बघायला सगळं शहर जमतं, तेव्हा हेच कुत्रे आधीच वरच्या पायरीवर गेलेले असतात. मी तेच चित्र काढलं होतं. पेन्सिलीने धड, मग शाई, पट्टा सगळ्यात शेवटी. आणि रंगीत पानावर छापणार असतील तर पट्टा काळाच ठेवा.